हजेरीपटातला गुरुवार

"टीचर, क-दोन म्हणजे पास ना?"

दोन वर्षांपूर्वी १ मे रोजी सहावीचा निकाल वाटत असताना एका आईने आम्हाला हे विचारले. कडेवर लहान मूल, हातात मुलाचे प्रगतिपत्रक, मागे पालकांची रांग. आम्ही "हो हो, पास आहे, सातवीत गेला" म्हणालो आणि पुढचे नाव पुकारले. बाई समाधानाने घरी गेल्या. आम्ही खोटे बोललो नव्हतो, पण जे सांगायला हवे होते त्यातले काहीच सांगितले नव्हते.

क-२ म्हणजे ४१ ते ५० टक्के. त्याच कागदावर, त्याच ओळीत, अलीकडच्या रकान्यात पहिल्या सत्राची गणिताची श्रेणी होती ब-१, म्हणजे ७१ ते ८०. दिवाळी ते एप्रिल एवढ्या काळात मुलगा तीन पायऱ्या खाली आला होता. दोन्ही श्रेणी आमच्याच अक्षरात लिहिलेल्या, एकमेकींना चिकटून. लिहिताना हात थांबला नाही आणि वाचणाऱ्या आईला 'ब' आणि 'क' यांतले अंतर कुणी कधी समजावलेले नव्हते.

खाली वर्णनात्मक नोंदी होत्या. विशेष प्रगती : 'सांगितलेले काम वेळेत करतो.' आवड व छंद : 'क्रिकेट.' सुधारणा आवश्यक : 'गणितातील क्रिया काळजीपूर्वक कराव्यात.' शिक्षक वाचक हसतील. या नोंदींची तयार वाक्ये पुस्तिकांतून मिळतात आणि चाळीस मुलांची पत्रके एका आठवड्यात भरायची असली की आम्हीही त्यांतलीच उचलतो. त्या मुलाच्या वर्गातल्या आणखी किती जणांच्या पत्रकावर तेच वाक्य होते हे आम्ही नंतर मोजले. आकडा इथे लिहीत नाही, लाज वाटते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, उर्दू माध्यमाची, पहिली ते सातवी. गावात आठवडी बाजार भरतो, तालुक्याचे ठिकाण नऊ किलोमीटरवर आहे. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो आणि तो वर्ग सहावीत आणि सातवीत आमच्याकडेच होता. माहितीची या शाळेला कमतरता नाही. रोजची हजेरी, पोषण आहाराची संख्या, चाचण्यांचे गुण, आधार, बँक खाते, उंची, वजन. दर महिन्याला काही ना काही ऑनलाइन भरायचे असते. वर्षातून काही वेळा सरकारी चाचण्या होतात आणि प्रत्येक मुलाचे गुण मोबाइलवर एकेक करून चढवावे लागतात. सगळी माहिती वर जाते. खाली, म्हणजे त्या मुलाच्या आईपर्यंत, ती येत नाही. आणि खरे सांगायचे तर भरणाऱ्या माणसाच्या डोक्यातही ती थांबत नाही.

सातवीच्या वर्षी नोव्हेंबरात मुख्याध्यापकांनी सरासरी उपस्थिती मागितली. आम्ही मागच्या वर्षीचे आणि चालू वर्षीचे हजेरीपट काढून बसलो. बेरीज करता करता एका ओळीत गैरहजेरीच्या खुणा विचित्र दिसल्या. सलग नव्हत्या, सहा-सहा दिवसांच्या अंतराने होत्या. वर वार पाहिले तर गुरुवार, पुढचा गुरुवार, त्याच्या पुढचाही गुरुवार. मागच्या दिवाळीपासून तो मुलगा बहुतेक गुरुवारी शाळेत नव्हता. तोच, क-२ वाला. आम्ही रोज सकाळी त्याचे नाव पुकारत होतो आणि वर्षभर हे आमच्या लक्षात आले नव्हते, कारण हजेरी आम्ही उभी घेतो. एका दिवसाचा एक रकाना, वरून खाली. मुलाची ओळ आडवी वाचायची कुणाला सवय नाही.

आता या शोधाचे आम्ही काय केले ते ऐका. शुक्रवारी तो आला तेव्हा भर वर्गात विचारले, "काय रे, तुझ्या घरी दर गुरुवारी ईद असते का?" वर्ग खदखदून हसला. तोही हसला. मग तो सोमवारी आला नाही, मंगळवारी आला नाही, आणि शनिवारपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. एवढा नेमका आकडा हाती लागला होता आणि आम्ही तो काठीसारखा वापरला. त्या आधी तो आठवड्यातून पाच दिवस तरी येत होता.

मागे एका प्रशिक्षण वर्गात आम्ही फिलाडेल्फिया शहरातल्या एका अभ्यासाबद्दल ऐकले होते. अमेरिकेत सहावी ते आठवीच्या वर्गांची बहुधा वेगळी शाळा असते, तिला मिडल स्कूल म्हणतात. रॉबर्ट बाल्फान्झ, लायझा हर्झॉग आणि डग्लस मॅक आयव्हर या संशोधकांनी १९९६ साली तिथे सहावीत असलेल्या सुमारे १३ हजार मुलांच्या नोंदी आठ वर्षे पुढे तपासत नेल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांना पाहायचे होते की पुढे बारावीपर्यंत न पोचणारी मुले सहावीतच ओळखू येतात का. चार खुणा पुरेशा ठरल्या : हजेरी ८० टक्क्यांच्या खाली, गणितात नापास, इंग्रजीत नापास, आणि वर्तनाचा वाईट शेरा किंवा शाळेतून तात्पुरते काढले जाणे. शिक्षण पूर्ण न करणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांच्या नोंदीत यांतली निदान एक खूण सहावीतच उमटलेली होती. त्यासाठी वेगळी परीक्षा घ्यावी लागली नाही. सगळे शाळेच्या कपाटात आधीच लिहिलेले होते.

आमचे गाव म्हणजे फिलाडेल्फिया नव्हे. तिथले गणित इथे जसेच्या तसे लागू करू नये. पण एक हिशेब आम्ही मांडून पाहिला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. त्याचे २० टक्के म्हणजे ४४ दिवस. आठवड्याला सहा दिवस शाळा धरली तर २२० दिवसांत साधारण ३६ गुरुवार येतात. म्हणजे फक्त गुरुवारी घरी राहणारा मुलगा ताप, लग्न, सण काहीही न धरता ३६ दिवस गमावतो. नात्यातले एखादे लग्न आणि एक आजारपण झाले की तो ४४ च्या पलीकडे. आणि आई-वडिलांना विचारा, ते मनापासून म्हणतील, "आमचा मुलगा रोज शाळेत जातो. बाजाराच्या दिवशी तेवढा राहतो."

तर बाजार. पुढच्या गुरुवारी मधल्या सुट्टीत एका सहकारी मॅडमना घेऊन आम्ही बाजारात गेलो. तो लसूण-आले-मिरचीच्या ताडपत्रीवर बसलेला होता. आम्हाला पाहून उठायला लागला, आम्ही म्हटले बस. अब्बा मागे भिंतीला टेकून होते. मागच्या दिवाळीच्या आधी पोते उचलताना त्यांची कंबर धरली होती, तेव्हापासून वाकता येत नाही. सकाळी माल उतरवायला आणि दिवसभर काट्यावर बसायला हा एकच हात. मोठी बहीण सासरी, धाकटा कडेवरचा. यात आमच्या विनोदाला जागा कुठे होती?

एक गिऱ्हाईक आले. "लसूण कसा दिला?" "एकशे साठ." "दीड पाव दे." मुलाने काट्यावर लसूण टाकला आणि आकड्याकडे न पाहता म्हणाला, "साठ रुपये." आम्ही मनात हिशेब करत राहिलो. ३७५ ग्रॅम, १६० रुपये किलो, साठ रुपये बरोबर. हाच मुलगा वर्गात फळ्यावरचा दशांश अपूर्णांकाचा गुणाकार चुकवतो, कारण तो ज्या दिवशी शिकवला गेला त्या दिवशी तो इथे बसून तोच गुणाकार करत होता. आमचे गणिताचे सहकारी नवा घटक बहुधा बुधवारी सुरू करून गुरुवारी पुढे नेतात. बुधवारी ऐकले, गुरुवार बुडाला, शुक्रवारी सगळा वर्ग पुढे गेलेला. दोन सत्रे असेच झाले तर ब-१ चे क-२ होणारच.

आम्ही अब्बांशी बोललो. खरे तर आधी ऐकले. ते म्हणाले, "टीचर, मी त्याला शाळेतून काढणार नाही. पण गुरुवारी तो नसेल तर आठवड्याची चूल कशावर?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. शिक्षणाचे महत्त्व सांगावे असे वाटले, पण त्या ताडपत्रीवर उभे राहून ते तोंडातून निघेना. मग विचारले, बाजार खरा कधी तापतो? दुपारनंतर. शेतावरची माणसे दोन-अडीचनंतर येतात. सकाळी फक्त माल लावायचा असतो. मग ठरले असे : माल उतरवायला शेजारच्या कांदेवाल्याचा मुलगा हात देईल, हा साडेदहाला शाळेत येईल, खिचडी खाऊन दीड वाजता बाजारात जाईल. गणिताच्या सरांनी गुरुवारचा आपला तास पहिला करून घेतला. मुख्याध्यापक कुरकुरले, अर्ध्या दिवसाची हजेरी कशी लावायची म्हणाले. त्यांचे चूक नव्हते. ही तडजोड आहे, आदर्श व्यवस्था नाही, हे आम्हालाही कळते. पण ३६ दिवस पूर्ण बुडण्यापेक्षा ३६ दुपारी बुडणे बरे, असे आमचे मत पडले.

शुक्रवारी वर्गात आम्ही सांगितले की त्या दिवशी आम्ही जे बोललो ते चुकीचे होते आणि त्याची माफी मागतो. मुले गप्प झाली. त्याने मान खाली घातली, काही बोलला नाही. पुढच्या गुरुवारी मात्र पहिल्या तासाला बाकावर होता. नंतरही काही गुरुवार चुकलेच, ईदच्या आधीचे दोन तर पूर्णच. वर्षाअखेर गणितात क-१ मिळाला. मोठी उडी नाही. पण यावेळी त्याच्या आईला आम्ही शेजारी बसवून दोन्ही सत्रांचे रकाने बोटाने दाखवले, आणि त्यांनी विचारले, "म्हणजे आता वर चाललाय का खाली?" हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी विचारायचे आम्ही त्यांना शिकवायला हवे होते.

त्या मुलाची ओळ आडवी वाचली तशा मग इतर ओळीही वाचल्या. सगळ्यांतून गोष्ट निघत नाही. एक मुलगा दर सोमवारी उशिरा येतो, कारण रविवारी नानीकडे जातो, बस. पण सातवीच्या पाच-सहा मुलींच्या ओळींत दर महिन्याला तीन-चार दिवसांची सलग रिकामी जागा होती. आमच्यापैकी बायका शिक्षिकांना हे हजेरीपट न उघडताही कळायला हवे होते. मुलींना एकेकटीला विचारले तेव्हा एकीने सांगितले, "टीचर, तिथल्या दाराला कडी नाही." पाणी होते, डबा होता, दार होते, फक्त आतून कडी नव्हती. मागणीपत्र देऊन वाट पाहत बसलो नाही, गावातल्या सुताराला बोलावून त्याच दिवशी कडी बसवून घेतली. खुणा बंद झाल्या नाहीत, पण चाराच्या दोन झाल्या. बाकीचे दोन दिवस पोटदुखीचे आहेत, आणि त्याबद्दल आयांनी मुलींशी आणि डॉक्टरांशी बोलावे ही विनंती.

आता घरातल्या वाचकांना थोडे सांगायचे आहे. शाळेचा हजेरीपट तुमच्याकडे नसतो, पण स्वयंपाकघरात कॅलेंडर असते. दूध किती घेतले, गॅस कधी लावला, हे आपण त्यावर लिहितोच. त्याच चौकोनात मूल शाळेत गेले नाही त्या दिवशी एक फुली मारा. कारण लिहायची गरज नाही. महिना संपला की फुल्या मोजा आणि कुठल्या वारी पडल्या ते पाहा. महिन्यात चारपेक्षा जास्त फुल्या दिसल्या तर मुलाला रागावू नका, आधी स्वतःला विचारा की त्या दिवशी त्याला घरी कुणी ठेवले. आमचा अनुभव असा की निम्म्याहून अधिक वेळा ठेवणारे आपणच असतो : पाहुणे आले, धाकट्याला सांभाळायचे होते, रेशनच्या रांगेत उभे राहायचे होते.

प्रगतिपत्रके टाकू नका. पाचवीपासूनची सगळी एका पिशवीत ठेवा आणि नवे आले की जुन्याच्या शेजारी ठेवून पाहा. श्रेणी 'अ'कडून खाली सरकत गेली की गुण घटले, एवढे कळले तरी अक्षरओळख नसलेल्या दादीलाही मूल चढतेय की उतरतेय ते सांगता येते. आणि शाळेत आलात की "अभ्यास कसा आहे?" असे विचारू नका. त्याला आम्ही "ठीक आहे, थोडे लक्ष द्या" असेच उत्तर देतो, तोंडपाठ आहे. त्याऐवजी विचारा, "या सत्रात किती दिवस आला नाही? गणितात नेमका कुठे अडकतो? वर्गात कुणाशेजारी बसतो, कुणाशी बोलतो?" शिक्षक गडबडला तर गडबडू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. तुम्ही उपकार मागत नाही.

हे पाचवी ते आठवीच्याच वर्गांबद्दल इतके का, असे कुणी विचारेल. कारण आपल्याकडे या वयाची सलग शाळाच नाही. कुठे चौथीला शाळा संपते, कुठे पाचवीला, कुठे सातवीला. दर जोडावर दाखला काढायचा, दुसऱ्या शाळेत न्यायचा. कापड शिवणीवर उसवते तशी मुले या जोडांवर निसटतात. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की देशातल्या ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच सुटली होती. समाजाच्या सभेत हा आकडा बऱ्याचदा ऐकू येतो. पण आमच्या सातवीतून गेल्या वर्षी किती निसटली, हा आकडा कुणी विचारत नाही. आम्हीही विचारत नव्हतो.

यंदा पहिल्यांदा विचारला. तो मिळवणेही सोपे आहे. मूल दुसऱ्या शाळेत दाखल झाले की ती शाळा आपल्याकडे त्याच्या नोंदीची ऑनलाइन मागणी पाठवते, आपण ती मंजूर करतो आणि नाव आपल्या यादीतून जाते. मागणी आली नाही तर नाव आपल्याच यादीत लटकत राहते. दरवर्षी अशी चार-सहा नावे लटकतात आणि "येईल पुढे-मागे" म्हणून आम्ही सोडून देतो. मे महिन्यात २९ मुलांना दाखले दिले होते. लसूणवाल्या मुलाची मागणी जूनमध्येच आली. ऑगस्ट संपला तेव्हा पाच नावे उरली होती, आणि त्यांत एका मुलीचे नाव होते. तिला उर्दू आणि गणित दोन्हीत अ-२ होता.

तिच्या घरी आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गेलो. दादीने चहा केला. दाखला घरातच होता, कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा मोडली नव्हती. शिकवायचे नाही असे कुणीच म्हणत नव्हते. अब्बा पुण्याला कामावर, जूनमध्ये "बघू" म्हणून गेले ते बघायचे राहून गेले. अडचण वेगळी होती. गल्लीतल्या ज्या मुली तालुक्याला जातात त्या दुसऱ्या शाळेत, त्यांची सुट्टी आधी होते. उर्दू हायस्कूल सुटते तेव्हा परतीच्या एसटीत ती एकटी असणार. थंडीत अंधार लवकर पडतो. "एकटी पोरगी, तुम्हीच सांगा टीचर," दादी म्हणाल्या. दादींची भीती खोटी म्हणून कसे चालेल?

शाळेत येऊन आम्ही मागच्या तीन वर्षांचे दाखल्यांचे रजिस्टर काढले. त्या हायस्कूलला गेलेल्या आमच्या जुन्या मुली कोण, पत्ता कुठला, हे पाहत गेलो. खालच्या गल्लीतल्या दोघी सापडल्या, एक नववीत, एक दहावीत. दोघी त्याच एसटीने परत येतात. इथवर रजिस्टरने नेले. पुढचे काम दादींनीच केले, कारण त्यांतल्या एकीच्या नानीला त्या लहानपणापासून ओळखत होत्या. दोघी म्हाताऱ्या तासभर बोलत बसल्या, त्यात शाळेचा विषय पाच मिनिटांचा असेल. उठताना नानी म्हणाली, "माझी नात तुमच्या दारावरून घेऊन जाईल आणि दारात आणून सोडेल." त्यानंतर आम्हाला समजावण्यासारखे काही उरले नाही.

अब्बांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, "आता सप्टेंबर उजाडला, आता कोण घेणार?" हा गैरसमज फार घरांत आहे, म्हणून ठळकपणे लिहितो. आठवीपर्यंतच्या शिक्षणाला प्रवेशाची तारीख आड येत नाही. वर्षात केव्हाही मूल आले तरी शाळेला त्याला नाकारता येत नाही. दाखला मिळायला उशीर झाला, या कारणानेही नाकारता येत नाही. मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी फारशी खळखळ न करता तिला घेतले. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा पास मोफत आहे, तोही झाला. आठवीत केंद्र सरकारची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत निदान ५५ टक्के गुण असले की त्या परीक्षेला बसता येते, आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. तिचा अर्ज भरायला आम्ही वर्गशिक्षिकांना सांगितले आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तेवढा अब्बा सुट्टीवर आले की काढायचा आहे.

वर्गशिक्षिकांशी बोलताना आणखी एक गोष्ट सुचली. सातवीतून जाणाऱ्या मुलाबरोबर आम्ही काय पाठवतो? जन्मतारीख, वर्तणूक 'चांगली', शाळा सोडण्याचे कारण 'पुढील शिक्षणासाठी'. दोन वर्षांत आम्हाला जे उमजले त्यातले एक अक्षर नाही. आता आम्ही एक साधी चिठ्ठी देतो, पालकांना वाचून दाखवून. लसूणवाल्या मुलाच्या चिठ्ठीत गुरुवारचे लिहिले आहे, आणि हेही की त्याला गणित भाषेत अडते, हिशेबात नाही. किंमत आणि वजन सांगून विचारले तर येते. त्याला यंदा आठवीची वार्षिक परीक्षा आहे. २०२३ च्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नाही झाले तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. "क-दोन म्हणजे पास ना?" हा प्रश्न तिथे पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. चिठ्ठीत घरच्या अडचणी किती लिहायच्या याचा मात्र आम्ही फार विचार करतो. एका मुलाच्या घरचे भांडण आम्ही लिहिले नाही, नव्या शाळेत त्याला नवे म्हणूनच जाऊ दे असे वाटले.

मुलीची ऑनलाइन मागणी सप्टेंबरच्या शेवटी आली, आम्ही ती मंजूर केली. बाकीच्या चारांपैकी दोन मुले दुसऱ्या शाळांत जात होती, फक्त त्या शाळांनी मागणी पाठवायची राहिली होती. फोन केल्यावर पाठवली. आज यादीत दोन नावे आहेत. एक कुटुंब भिवंडीला गेले आहे. फोन लागतो, मुलगा शाळेत जातो असे सांगतात, पण शाळेचे नाव विचारले की "नंतर सांगतो" म्हणतात. दुसरे घर गावाबाहेर वीटभट्टीच्या पलीकडे आहे. तिथे येत्या रविवारी जायचे आहे.